फुटला तो सोलणारीचा

शिंपले सोलायच्या शेडमध्ये सकाळी चाकूच्या आधी तोंडं सुरू व्हायची. त्या दिवशी सुरुवात बातमीनं केली. बातमी म्हणजे थोरलीच्या, फळीवरच्या सगळ्यात जुन्या सोलणारीच्या, डाव्या हाताला उभी राहणारी बाई. वस्तीत कोणाच्या घरी काय शिजलं आणि काय करपलं हे तिला वासावरून कळायचं, म्हणून हे नाव पडलं होतं.

"माझ्या नवऱ्याला कान दिलेत आणि मला तोंड," ती म्हणाली. "म्हणून संसार टिकला. दोघांना तोंडं असती तर एव्हाना भांडी संपली असती."

"कान दिलेत, पण ते झोपलेले असतात ना," थोरलीची सून म्हणाली, आणि सगळी फळी हसली.

थोरलीही हसली, पण हात थांबला नाही. लांब लाकडी फळीच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असत. पायात रबरी बूट, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. शिंपल्याच्या सांध्यात आखूड चाकूचं टोक घालायचं, मनगट फिरवायचं, कट् आवाज आला की शिंपला उघडला. आतलं मांस अख्खं निघालं तर बर्फाच्या टबात. कवच चुरलं, मांस चिरलं, तर तो माल गिऱ्हाइकाला चालत नसे. तो सोलणारीचा. शेडचा कायदाच होता: फुटला तो सोलणारीचा. पण घरी न्यायची सोय नव्हती. मुकादम संध्याकाळी दारात उभा राहून पिशव्या उघडून बघायचा. त्यामुळे फुटलेला शिंपला तिथल्या तिथे, खारट पाण्यासकट, तोंडात टाकायचा. पिढ्यान्‌पिढ्या बायका तेच करत आल्या होत्या. मुकादम ते बघून न बघितल्यासारखं करायचा.

थोरलीचा हात शेडमध्ये सगळ्यात नेमका. तिच्या हातून शिंपला फुटणं म्हणजे सुताराच्या हातून खिळा वाकणं. पण त्या दिवसांत तिचे शिंपले फुटू लागले होते. अर्ध्या टोपलीत दोन-चार तरी. कट् ऐवजी कच्‌ असा आवाज यायचा आणि थोरली इकडेतिकडे न बघता ते मांस उजवीकडे सरकवायची. उजवीकडे तिची सून उभी असायची, पोट फळीला टेकवून.

"घे," थोरली पुटपुटायची. "पुन्हा फुटला बघ मेला."

सून मुकाट्यानं खायची.

हे असं का सुरू झालं, ते कळायला थोरलीच्या घरी जेवायच्या वेळी जायला हवं.

घर दोन खोल्यांचं. घरात थोरलीचा नवरा, ज्याला वस्ती म्हातारा म्हणे. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा. आणि धाकटा मुलगा, ज्याचं लग्न व्हायचं होतं. तिघंही होडीवर जाणारे. आले की हातपाय धुऊन भिंतीला पाठ लावून बसायचे. थोरली वाढायची, सून पाणी द्यायची. पुरुष उठले की मग बायका. हे कोणी ठरवलं होतं असं नाही. थोरलीनं तिच्या सासूला तसंच पाहिलं होतं, आणि सासूनं तिच्या सासूला. "बाईच्या भुकेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये," असं थोरलीची सासू म्हणायची. थोरली नवी होती तेव्हा भांडं खरवडताना पळीचा आवाज झाला, तर सासूनं पळी काढून घेतली होती. तेव्हापासून थोरली भांडं बोटानं पुसायला शिकली.

आता तीच पाळी सुनेवर आली होती. सुनेला सातवा महिना. पुरुष काही राक्षस नव्हते. मुलाचा बायकोवर जीव होता. पण जेवताना समोर असलेलं भांडं किती खोल आहे हे त्यानं कधी वाकून पाहिलं नव्हतं. "अजून वाढ," म्हटलं की आई वाढते, एवढंच त्याला माहीत.

एकदा थोरलीनं धीर करून म्हटलं होतं, "अहो, ती दोन जिवांची आहे. तिला आधी बसवू या का?"

म्हातारा घास घेताघेता थांबला. "तू दोन पोरं काढलीस. तुला कोणी आधी बसवलं होतं?"

"नाही."

"मग? मेलीस का?"

धाकटा हसला. थोरलीही हसली, कारण हसल्यावर विषय संपतो. त्या दिवशी भांड्याच्या तळाशी जे होतं ते तिनं सगळं सुनेला दिलं. ते एका बाईलाही पुरणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातून पहिला शिंपला फुटला.

घरात जे जमत नव्हतं ते शेडमध्ये जमत होतं. कायदा कायद्याच्या जागी राहिला, म्हाताऱ्याचा मान राहिला, मुकादमाला काही कळलं नाही, आणि पोरीच्या पोटात ताजं मांस जात होतं. थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा आपण हुशार आहोत असं वाटलं. शिंपलेही त्या हंगामात काय होते! गुबगुबीत, लोण्यासारखे. त्याचं कारण नाल्याचं जुनं तोंड.

पूर्वी शहराची सगळी घाण खाडीत याच तोंडातून पडायची. तेव्हा तिथे कोणी नाक धरल्याशिवाय जात नसे. मग शहरानं दूर कुठेतरी मोठा पाइप नेला, जुन्या तोंडाला दगडी बांध घातला. फार पाऊस झाला आणि पाइप तुंबला, तरच पाणी बांधावरून यायचं. एरवी नाही. हळूहळू पाणी इतकं निवळलं की होडीतून तळ दिसू लागला. सरकारी खात्यातले वरचे लोक आले, बाटलीत पाणी भरून घेऊन गेले आणि पाणी चांगलं आहे असं सांगून गेले. मग शेडच्या मालकानं तिथेच जागा धरली. दुसरीकडून खणून आणलेले शिंपले जाळीच्या पोत्यांत भरून, जुन्या तोंडापाशी तळाला, मऊ गाळावर टेकवून ठेवायचे. तिथे ते रेती टाकायचे आणि अंग धरायचे. "शिंपल्याचं पोट साफ होतं तिथे," मुकादम सांगायचा. त्यात खोटं बोलण्याचा त्याचा हेतू नव्हता. तोही तेच समजत होता.

सुनेचं जेवण आधी कमी झालं. मग वासानं तिला मळमळू लागलं.

"पोटात पोर आहे, मळमळणारच," थोरली म्हणाली.

"आई, सातव्या महिन्यात?" सून म्हणाली. एवढंच. फळीला धरून उभी राहिली आणि चाकू चालवत राहिली.

मग एका सकाळी बातमीनं सुनेची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. एरवी शेडभर ऐकू जाणारी ती बाई हळूच म्हणाली, "थोरले, हिचे डोळे बघ."

डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता.

बातमी पुढे काही बोलणार तोच मुकादम आला. त्यानंही पाहिलं. तो आवाज न चढवता म्हणाला, "काकू, घरी घेऊन जा. उष्णता झाली असेल. थंड द्या काहीतरी. आणि कावीळ हा शब्द शेडमध्ये नको. बाजारात कोणाच्या कानावर गेला तर तुमच्यासकट सगळ्यांच्या हातातले चाकू गंजतील."

घरी म्हाताऱ्यानंही तेच सांगितलं. "उष्णता आहे. जाईल."

"दवाखान्यात दाखवू या," मुलगा म्हणाला.

"दाखव की. तिथे विचारतील, काय करता, कुठे राहता. उद्या वस्तीच्या दारावर काविळीचा फळा लागेल. धाकट्याची सोयरीक बोलायची आहे. काविळीच्या घरात कोण मुलगी देतं?"

मुलानं आईकडे पाहिलं. आई काही बोलली असती तर तो उठला असता, इतकं त्या पाहण्यात होतं. थोरली चुलीकडे वळली. तिला सवय नव्हती. चाळीस वर्षं ज्या तोंडानं पुरुषांसमोर शब्द अडवले, ते तोंड एका दिवसात कसं उघडणार?

सुनेला आतल्या खोलीत निजवलं. कोणी विचारलं तर माहेरी गेली म्हणून सांगायचं ठरलं. थोरली शेडला जाऊन यायची आणि तिच्या उशाशी बसायची. सुनेला अन्न जात नव्हतं. ज्या घरात तिला पुरेसं मिळत नव्हतं, त्या घरात आता तिच्यासाठी पहिल्यांदा वेगळं काढून ठेवलेलं ताट तसंच्या तसं परत जात होतं.

मग एका दुपारी सून थोरलीला ओळखेना. "तुम्ही कोण?" असं अगदी आदरानं तिनं विचारलं. थोरली उठली, दारात आली आणि जाळं विणत बसलेल्या मुलाला म्हणाली, "हिला उचल."

"पण बाबा म्हणाले..."

"उचल म्हणते ना."

दवाखान्याची डॉक्टरीण तरुण होती, थोरलीच्या मुलाच्या वयाची. तिनं सुनेचे डोळे पाहिले, पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा बदलला. काम झाल्यावर तिनं घरच्यांना व्हरांड्यात घेतलं.

"इतके दिवस कुठे होतात?" ती म्हणाली. मग स्वतःच थांबली. "बरं, ते राहू द्या. कावीळ आहे, विषाणूची. इतरांना झाली तर बहुतेक बरे होतात. पोटुशा बाईला झाली तर यकृत एकदम बसतं. हिनं गेल्या महिना-दीड महिन्यात काय खाल्लं? शिंपले?"

"पोरं त्याच खाडीतले आणतात, आम्ही सगळेच खातो," म्हातारा म्हणाला. "एका भांड्यातले. आम्हाला काय झालं?"

"कसे खाता?"

"उकळून. चांगले उकळून."

ते खरं होतं. म्हाताऱ्याला दाताखाली रेतीचा कण खपत नसे, म्हणून थोरली शिंपले रबरासारखे होईपर्यंत खळखळून उकळायची.

"कच्चे खाल्ले का हिनं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कच्चे कोण खातं," म्हातारा म्हणाला.

थोरली उभी होती. तिच्या कानात कच्‌ असा आवाज आला.

"पण बाई," मुलगा म्हणाला, "तिथलं पाणी तपासलंय. चांगलं निघालं."

"पाणी चांगलंच असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी भरती-ओहोटीला येतं आणि जातं. गाळ जात नाही. माणसाच्या पोटातून गेलेला विषाणू गाळाच्या कणाला चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा तिथे जास्त टिकतो. जोराचा पाऊस झाला की नाल्यातून नवा येतो, जुना तळाशी असतोच. होडीचा पंखा फिरला, वारा सुटला, गाळ ढवळला की पुन्हा वर. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो आणि गाळून घेतो. रेती टाकतो, पण हे धरून ठेवतो. बाहेरून कितीही धुवा, ते आत आहे. वाफेवर तोंड उघडेपर्यंत शिजवलं तरी भागत नाही. खूप उकळलं तरच मरतं. आणि कच्चं खाल्लं तर सरळ पोटात."

एवढं सांगून त्या आत गेल्या. म्हातारा बाकावर बसला. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.  थोरलीनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मनगट अजून नेमकं होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सून थोडा वेळ शुद्धीवर आली. थोरलीनं तिच्या ओठांना ओला कपडा लावला.

"आई," ती म्हणाली, "तुमच्या हातून शिंपला फुटत नाही."

थोरलीनं कपडा पुन्हा पाण्यात बुडवला.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मुद्दाम फोडायच्या तुम्ही." तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मी कोणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. माझ्या आईनं कधी माझ्यासाठी एवढी चोरी केली नव्हती."

"बोलू नकोस, पोरी. दमशील."

"मुलगी झाली तर तिलाही द्याल ना?"

थोरली हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पोर त्या दुपारी आलं. मुलगीच होती. ती रडली नाही. सुनेला ते कळलं की नाही, कोणाला सांगता येणार नाही. तिचे डोळे पुन्हा मिटले होते. उन्हं उतरायच्या आत तीही गेली.

वस्तीत सांगितलं गेलं की बाळंतपणात गेली. बायका बाळंतपणात जातात. कोणी पुढे विचारत नाही. बातमीनंही विचारलं नाही. ती नुसती थोरलीच्या दारात येऊन बसली आणि एक शब्द न बोलता संध्याकाळी उठून गेली. वस्तीला तिचं ते गप्प बसणं फार लागलं.

थोरली पुन्हा शेडला जाऊ लागली. उजवीकडची जागा रिकामी होती. मग तिथे एक नवी मुलगी आली, मुकादमाच्या नात्यातली. तिलाही दिवस गेलेले होते. अजून पोट दिसत नव्हतं, पण फळीवरच्या बायकांपासून ते लपत नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्या हातून एक शिंपला फुटला आणि इतरांचं बघून तिनं तो तोंडाकडे नेला. थोरलीनं तिचं मनगट धरलं.

"टाक तो."

"का हो काकू? फुटला तो सोलणारीचा ना?"

 थोरलीनं तो शिंपला हिसकून बादलीत टाकला. मुलगी रुसली. मुकादमानं लांबून पाहिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाई शेडमध्ये आल्या. सोबत पाण्याचा नमुना नेणारे ते वरचे गृहस्थही होते. डॉक्टरीणबाईंनी फळीपाशी उभं राहून विचारलं, "इथे कच्चा शिंपला खाण्याची पद्धत आहे का? कोणाच्या घरी कावीळ झाली का? तुमच्यातल्या कोणी सांगितलं, तर त्या जागेवरचा माल थांबवता येईल. गाळ तपासायला सांगता येईल. नुसत्या माझ्या अंदाजावर कोणी हलणार नाही."

"इथे कोणी कच्चं खात नाही, बाई," मुकादम म्हणाला. "विचारा ना कोणालाही."

त्यांनी एकेकीला विचारलं. बायका खाली बघत होत्या. प्रत्येकीच्या जिभेवर त्या खारट पाण्याची चव होती आणि प्रत्येकीच्या घरी चूल होती. माल थांबला तर चूल थांबते. शेडच्या दारात थोरलीचा थोरला मुलगा होडीतून आलेली शिंपल्यांची पोती उतरवत होता. तोही ऐकत होता. त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे काय बोलायचं, हे थोरलीला ठाऊक होतं. आईनं आपल्या बायकोला काय भरवलं ते त्याला अजून कळलेलं नव्हतं. नुसतं गप्प बसलं तर कधीच कळणार नव्हतं. वस्ती तिला पोरीची सेवा करणारी सासू म्हणून ओळखत होती. तेवढीच एक गोष्ट तिच्या पदरी उरली होती.

तिनं चाकू खाली ठेवला.

"मी दिले," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण शेडमध्ये तेवढाच होता.

"माझ्या सुनेला मी कच्चे शिंपले दिले. रोज. फुटत नव्हते, मी फोडत होते."

"काकू, तुम्ही दुःखात आहात," मुकादम म्हणाला. "घरी जा."

"दुःखात आहे म्हणूनच बोलतेय. सुखात कधी बोलले का?" ती मुलाकडे वळली. त्याच्या खांद्यावरचं पोतं तसंच होतं. "तिला घरी पोटभर मिळत नव्हतं, बाबा. तुम्ही तिघं उठायचात तेव्हा भांड्यात काही नसायचं. मला तुम्हाला तसं सांगता आलं नाही. मी म्हटलं, इथे खाऊ घालते. तोंड उघडायला लागू नये म्हणून मी चाकू चालवला. तोंड उघडलं असतं तर ती घरात शिजलेलं जेवली असती."

मुलानं पोतं खाली ठेवलं. तो आईजवळ आला नाही आणि निघूनही गेला नाही.

मग बातमी म्हणाली, "माझी बहीण पिवळी झाली होती. ती बरी झाली म्हणून मी बोलले नाही. मी. मी बोलले नाही." पलीकडून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. नव्या मुलीनं हातातला चाकू फळीवर ठेवला आणि पोटावर हात धरला.

वरचे गृहस्थ म्हणाले, "पण पाण्याचा नमुना तर..."

थोरलीनं नुकत्याच उतरवलेल्या पोत्याच्या बुडाला हात घातला, तिथला काळा मऊ गाळ मूठभर काढला आणि त्यांच्यापुढे फळीवर ठेवला. "शिंपले पाण्यावर तरंगत नाहीत, साहेब. ते इथे बसतात. हा घेऊन जा."

माल थांबला. किती दिवसांसाठी ते कोणी सांगेना. वस्तीतल्या काहींनी थोरलीशी बोलणं टाकलं. मुकादमानं तिला पुन्हा फळीवर घेतलं नाही. आणि ज्या बाईच्या तोंडून चाळीस वर्षं शब्द निघाला नव्हता, ती आता दारोदार जाऊन सांगू लागली: पोटुशा बाईला कच्चं देऊ नका, खळखळून उकळा, डोळे पिवळे दिसले तर लपवू नका. काही दारं उघडायची, काही नाही. ती बंद दारासमोरही सांगून यायची.

पण हे नंतरचं. त्या दिवशी ती शेडमधून घरी आली, तिनं स्वयंपाक केला आणि जमिनीवर ताटं मांडली. म्हातारा येऊन बसला. त्यानं ताटं पाहिली.

"हे चौथं कोणाचं?"

"माझं."

म्हातारा मुलाकडे पाहू लागला. धाकटाही पाहू लागला. थोरला मुलगा उठला, आईच्या हातातली पळी घेतली आणि पहिल्यांदा तिच्या ताटात वाढलं. आईच्या डोळ्यांत त्यानं पाहिलं नाही. तो कधी पाहील की नाही, तिला माहीत नव्हतं. वाढून झाल्यावर भांडं तिरकं करून तो बराच वेळ त्याच्या तळाकडे बघत राहिला.

"या घरात पुढे जी येईल," थोरली म्हणाली, "ती आपल्याबरोबर बसेल. तसं चालणार नसेल तर कोणाची मुलगी आणू नका."

 तिनं घास उचलला. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा गरम जेवत होती.  

खाडीच्या तळाशी काय साठलंय ते तपासायला माणसं येतील, बाटल्या भरतील, घेऊन जातील. घरातल्या भांड्याच्या तळाशी काय उरतं, ते तपासायला बाहेरून कोणी येणार नाही. ते फक्त शेवटी जेवणारीला माहीत असतं, आणि ती सांगत नाही. आज जेवून उठण्याआधी एकदा वाकून बघा.